नुकसानीचा रकाना: नाल्याकाठच्या एका जाळ्याच्या नोंदी

२५ ऑगस्ट

जाळं मला सापडलं नाही, मीच जाळ्याला सापडले. ठिबकच्या नळ्या कुठे चोकअप झाल्यात ते बघत शेवटच्या बांधापर्यंत गेले आणि नाल्याकाठच्या जांभळाखाली कुणीतरी चष्मा धरून मागे ओढल्यासारखं झालं. हाताने झटकलं तर धागा तुटेना, ताणला जात राहिला. बाजूला सरकून उजेडाकडे बघितलं तेव्हा दिसलं. हळदीच्या रंगाचे धागे, जांभळाच्या फांदीपासून बांबूच्या बेटापर्यंत. आणि वरच्या अंगाला, डोकं खाली करून बसलेली ती.

नेफिला पिलिपेस. जायंट वूड स्पायडर म्हणतात ती हीच. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९३ साली तिचं वर्णन लिहून ठेवलंय. काळं अंग, पाठीवर पिवळ्या रेघा, पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके. पाय धरले तर माझ्या तळहाताबाहेर जाईल एवढी.

जागा: रावेरहून पालकडे जाताना सातपुड्याचा पायथा लागतो, तिथलं आमचं शेत. अलीकडे केळी, बांधाला तुरीची ओळ, पलीकडे नाला. नाल्यापलीकडून साग आणि अंजन सुरू होतो.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी आधी ‘केळीबागेतले कोळी’ असा भलाथोरला विषय धरला होता. सर म्हणाले, एवढं नको, एकच जाळं घे, पण रोज जा. रोज जमेल असं वाटत नाही. दोन-तीन दिवसांनी एकदा तरी जाईनच.

वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, रुंदी, उंची, आरे, शिकार, नुकसान. डावी-उजवी ठरवताना मी नाल्याकडे पाठ करून उभी आहे असं धरायचं.

२८ ऑगस्ट

आज पहिलं मोजमाप. रुंदी ९४ सें.मी., उंची १ मीटर १८ सें.मी. हे फक्त गोल जाळ्याचं. ते टांगून धरणारे दोर बांबूपर्यंत आणखी दीडेक मीटर जातात. तिचं अंग, पाय सोडून, ३.८ सें.मी. पट्टी जवळ नेली तेव्हा ती हललीसुद्धा नाही, मीच दोनदा मागे आले.

आता मोजण्याच्या तऱ्हेबद्दल, कारण सगळी सकाळ त्यातच गेली. धागे डोळ्यांना दिसतात, फोटोत दिसत नाहीत. जाळ्यावर पीठ भुरभुरायचं असं वाचलं होतं म्हणून मक्याचं पीठ नेलं. धागे पांढरे झाले, फोटोही छान आले. पण पीठ बसलेला चिकट धागा कामातून जातो. थोड्या वेळाने तिने तो सगळा भाग ओढून काढला, गोळा केला आणि खाली टाकला. माझ्या देखत. पीठ बंद.

मग बाबांची काळी छत्री मागे उघडून धरली आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीने अगदी हलका फवारा मारला. दव पडल्यासारखे थेंब बसले आणि धागान् धागा उठून दिसला. एका हातात छत्री, एका हातात बाटली, मोबाइल दातात धरता येत नाही. शेवटी छत्री आमच्या सालदार काकांनी धरली.

बाबा बघायला आले. म्हणाले, “काय मोजू राहिली व एवढं?” मी म्हटलं, मधून बाहेर जाणारे धागे. ते म्हणाले, “म्हणजे आरे.” गाडीच्या चाकाला मधे तुंबा, तुंब्यातून आरे. तेव्हापासून वहीत हेच शब्द.

तुंबा मात्र मधे नाही. वरच्या काठापासून जेमतेम २५ सें.मी.वर. खालचा भाग वरच्यापेक्षा कितीतरी मोठा. ती डोकं खाली करून बसते, आणि वर चढण्यापेक्षा खाली धावणं सोपं, हे त्यामागचं कारण सांगतात. आऱ्यांची संख्या काही जमेना. तुंब्याजवळ मोजले तर एक आकडा, काठाजवळ दुसराच. नंतर बघितलं तर आरे बाहेर जाता जाता दुभंगतात, चिमट्यासारखे. म्हणजे कुठे मोजलं तेही लिहायला हवं. तुंब्यापासून पाच सें.मी.वर मोजायचं ठरवलं.

२ सप्टेंबर, पोळा

सकाळी बैल धुवायला नाल्यावर नेले. आता एकच जोडी राहिलीय. शिंगं रंगवून, झूल घालून, गोंडे बांधून होईपर्यंत अकरा वाजले, मग मी जाळ्याकडे गेले.

डावी अर्धी बाजू फाटकी. मोठी भोकं, लोंबणारे धागे, त्यात वाळलेली पानं आणि डासांचे पंख. उजवी बाजू जशीच्या तशी, कोरी करकरीत. बैल त्याच बाजूने पाण्यात उतरले होते. नुकसानीच्या रकान्यात लिहिलं: डावी, बैल.

घरी पुरणपोळीच्या ताटावर ते बोलून दाखवलं, तर सालदार काका दुखावले. “बैल जांभळाकडे गेलेच नाही, मी कासरा धरून होतो ना.” मी रकान्यात बैलापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

५ सप्टेंबर

आता उजवी बाजू फाटकी. डावी नवी. काल दुपारी वारा होता, आणि केळीचं एक पान तुटून बांधावर पडलेलं दिसलं. नुकसान: उजवी, वारा.

शिकार: एक चतुर, दोन मधमाश्या, एक फळातला रस शोषणारा पतंग. मधमाश्यांचं मला वाईट वाटलं. प्रकल्पाच्या वहीत असं लिहू नये, पण वही माझी आहे.

८ सप्टेंबर

डावी. कारण सापडत नाही. वटवाघूळ?

१२ सप्टेंबर

तीन दिवस पाऊस. जाणं झालं नाही.

१४ सप्टेंबर

जाळ्यात ती एकटी नाही, हे मला इतक्या उशिरा दिसावं याची लाज वाटते.

वरच्या बाजूला, तिच्या पाठीमागे, तांबूस रंगाचे दोन छोटे कोळी. मी पहिल्या दिवशी ‘पिल्लं?’ असं लिहून ठेवलं होतं. ते नर आहेत. पाच-सहा मि.मी.चे. मादी चार सें.मी.च्या आसपास आणि नर तांदळाच्या दाण्याएवढा, हा या घराण्याचा कायदाच आहे. नर स्वतःचं शिकारीचं जाळं विणत नाही. तिच्या जाळ्यात येऊन राहतो, तिच्या ताटातलं खातो आणि ती खाण्यात गुंतली की हळूच जवळ सरकतो. सालदार काकांना समजावून सांगितलं तर ते एकाच शब्दात म्हणाले, “घरजावई.”

शिवाय काठाला चांदीच्या बारीक थेंबासारखे कोळी आहेत, आर्गिरोडीस. ते भुरटे चोर. तिने धाग्यात गुंडाळून ठेवलेल्या शिकारीचे तुकडे पळवतात, आणि तिला खायलाही परवडणार नाहीत इतके लहान किडे जाळ्यात अडकतात, ते खातात. ती सहसा त्यांच्या मागे लागत नाही. मी सात मोजले.

म्हणजे ‘एक जाळं, एक कोळी’ हा माझा प्रकल्प प्रत्यक्षात दहा जणांचं कुटुंब निघालं.

नुकसान: डावी. पुन्हा.

१७ सप्टेंबर

उजवी. बांधाच्या कडेने काटेरी फांद्या आणून टाकल्या, म्हणजे वासरू, कुत्रं, माणूस कुणी जवळ जाणार नाही. बाबांना वाटलं डुकरांसाठी कुंपण केलं. तसंच वाटू दिलं.

२१ सप्टेंबर

या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइट आहे. बाबा तीनला मोटार चालू करायला निघाले, मीही त्यांच्याबरोबर. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावला, खताची रिकामी गोणी अंथरली आणि जांभळापासून हातभर लांब बसले. मनात एकच होतं, आज चोर पकडायचा.

३.४० ती तुंब्यात, नेहमीसारखी. काही नाही.

४.१० ती उठली. डाव्या काठाकडे गेली. मला वाटलं शिकार अडकली. तसं नव्हतं. तिने धागे तोडायला सुरुवात केली. चिकट फेरे एकामागून एक ढिले पडून गोळा होत होते, आणि त्याचं बोंड पुढच्या पायांनी तोंडाशी धरून ती खात होती. डाव्या अंगाची अख्खी जाळी दहा-पंधरा मिनिटांत उतरली. उरले फक्त बाहेरचे दोर आणि मोकळी हवा. उजव्या बाजूला तिने पायही लावला नाही.

मी गोणीवर बसून हळूच “अरे!” म्हटलं. मोटारीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसेल.

मग आरे. तुंब्यातून निघायचं, काठापर्यंत जायचं, धागा पक्का करायचा, परत यायचं. एक झाला की दुसरा. त्यानंतर आऱ्यांना आडवे धरणारे विरळ धागे, आतून बाहेर. ही परांची. तिच्यावर पाय ठेवून पुढचं काम करायचं असतं, म्हणून तिला चिकटपणा नसतो. बागेतले दुसरे गोल जाळ्याचे कोळी चिकट धागा टाकताना ही परांची काढत जातात. नेफिला ती ठेवते. म्हणून तिचं तयार जाळं जवळून बघितलं की चौरेघी वहीसारखं दिसतं: काही ओळी जवळजवळ, मग एक वेगळी रेघ, पुन्हा काही ओळी. मी पंचवीस दिवस त्या वेगळ्या रेघा मोजत होते आणि त्या काय आहेत ते मला माहीत नव्हतं.

शेवटी चिकट धागा, बाहेरून आत. मागचा पाय पोटाच्या टोकापासून धागा ओढतो, दुसरा पाय पुढचा आरा चाचपतो, पोट टेकतं, धागा चिकटतो, पुढे. बाज विणणाऱ्याचा हात जसा सुंभ ओढून, दाबून पुढे सरकतो, तसाच ठेका. पूर्ण गोल फेरा ती मारतच नाही. अर्धवर्तुळ काढून त्याच वाटेने मागे वळते. अर्ध्याच बाजूचं काम असल्यावर गोल फेऱ्याचं करायचं काय?

६.२० काम संपलं. ती तुंब्यात जाऊन डोकं खाली करून बसली. झुंजुमुंजु झालं होतं. थोड्या वेळाने ऊन तिरपं आलं आणि डावी बाजू पिवळी धमक चमकली. उजवी तिच्याशेजारी कळकट, भोकाभोकांची, तीन दिवसांची जुनी.

बाबा मोटार बंद करून आले तेव्हा मी वही उघडून बसले होते. २ तारीख डावी, ५ उजवी, ८ डावी, १४ डावी, १७ उजवी. मधे ज्या दिवशी गेले नाही तिथे एक पाळी सुटली. कुणी काही फाडत नव्हतं. ती आळीपाळीने अर्धं अर्धं जाळं बदलत होती, आणि जी बाजू बदलायची राहिली तिला मी नुकसान म्हणत होते.

सालदार काकांची माफी मागायची आहे.

२२ सप्टेंबर

मागितली. “मी म्हणलंच होतं,” एवढंच म्हणाले.

‘नुकसान’ रकाना लाल पेनने खोडला. त्या जागी ‘नवी बाजू’. जुन्या नोंदी उलट्या करून लिहायला लागल्या, म्हणजे जिथे ‘डावी’ तिथे ‘उजवी’. कारणांच्या जागी रेघ मारली. सगळं पुसून नवी वही करावी असं वाटलं होतं, पण सर म्हणाले खोडलेलं दिसू दे.

दिवसभर डोळे चुरचुरत होते. पहाटेच्या त्रासावरून एक जुनी गोष्ट आठवली. १९४८ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात पीटर्स नावाच्या प्राणिशास्त्रज्ञांना कोळी जाळं विणतानाचं चित्रण करायचं होतं, आणि कोळी काही पहाटेची वेळ सोडेनात. त्यांनी औषधशास्त्रातल्या पीटर विट यांना विचारलं, काहीतरी पाजून यांची वेळ पुढे ढकलता येईल का? विट यांनी ॲम्फेटामाइनपासून सुरुवात केली. वेळ होती तीच राहिली. जाळी मात्र वेडीवाकडी आली, आणि विट यांनी पुढची कित्येक वर्षं वेगवेगळी द्रव्यं पाजून जाळी मोजण्यात घालवली. पहाटे झोप मोडलेल्या माणसाच्या वैतागातून एक शाखा निघाली. मला ते सगळं पटलं.

२९ सप्टेंबर

आज तुरीच्या ओळीतल्या आर्गिओपीकडे मुद्दाम गेले. ही सिग्नेचर स्पायडर. पाय दोन-दोन जोडून फुलीसारखी बसते आणि जाळ्यावर पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी नक्षी काढते. ती नक्षी कशासाठी यावर अभ्यासकांचं अजून भांडण आहे. किडे ओढून घ्यायला, पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून, शत्रूला बिचकवायला. प्रत्येकाकडे आपापला पुरावा. गेल्या वर्षी वर्गात विचारलं तेव्हा मी पहिलं उत्तर छातीठोक दिलं होतं.

दोघींना एकेक नाकतोडा दिला. (शिकार हाताने देऊ नये हे माहीत आहे. ही नोंद मोजमापात धरलेली नाही.)

आर्गिओपी धावत आली आणि चावण्याआधी गुंडाळलं. मागच्या पायांनी धाग्याचा पदरच्या पदर ओढून नाकतोड्यावर टाकत गेली, तो फिरत राहिला आणि बघता बघता पांढरी पुडी झाली. मग चावा.

नेफिलाचं उलटं. ती थेट जाऊन चावली आणि चावा धरूनच राहिली. नाकतोड्याची तंगडी दोन-तीनदा ताणली गेली, मग सैल झाली. तेव्हा तिने त्याला जाळ्यातून सोडवला, तुंब्यापाशी नेला आणि तिथे सावकाश गुंडाळला. काम एकच, हत्यार वेगळं. मला आर्गिओपीची पद्धत जास्त शहाणपणाची वाटली. लाथ मारणाऱ्या नाकतोड्याच्या तोंडाशी तोंड न्यायलाच कशाला हवं? पण नेफिला तिच्याहून कितीतरी मोठी आहे, तिला परवडत असेल.

संध्याकाळी बाबांनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, “या धाग्याला भाव काय?” मी मादागास्करच्या कापडाची गोष्ट सांगितली. सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली या दोघांनी तिथल्या सोनेरी धाग्याच्या कोळ्यांचं रेशीम काढून कापड विणवून घेतलं. २०१२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांनी एक झगा मांडला होता, रंग न दिलेला, जात्याच सोनेरी. त्याला १२ लाख कोळी लागले. रोज माद्या पकडून आणायच्या, धागा काढून घ्यायचा, सोडून द्यायच्या.

बाबांनी क्षणभर हिशेब केला. “बारा लाखांची मजुरी कोण देईन? कापूसच बरा.” आणि भाकरी मोडून भरितात घातली.

७ ऑक्टोबर

केळीवर माव्यासाठी फवारणी. मोझॅकचा रोग माव्यामुळे पसरतो, रोगट झाड उपटून टाकावं लागतं, त्यामुळे फवारू नका असं मी म्हणू शकत नाही. नाल्याकडच्या चार ओळी सोडाल का, एवढंच विचारलं. बाबांनी तीन सोडल्या.

इथे एक स्पष्ट लिहून ठेवते, कारण अहवालात उलटं लिहायचा मोह होणार आहे. नेफिला केळीची राखणदार वगैरे नाही. तिच्या जाळ्यात मला चतुर, मधमाश्या, पतंग, नाकतोडे, एक रातकिडा मिळाला. माव्याएवढा किडा तिच्या हिशेबातच नाही. तो अडकला तर चांदीवाल्या चोरांचा. बागेतल्या लहान कोळ्यांचं काम वेगळं आहे, तो वेगळ्या प्रकल्पाचा विषय. हिला मी बघते ती ती आहे म्हणून.

विभागातला सूक्ष्मदर्शक अजून मिळालेला नाही. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर, आणि ते आले की मी शेतात. धाग्यावरचे चिकट थेंब बघायचे राहिले. ते ओळीने बसलेले असतात, माळेच्या मण्यांसारखे. भिंगातून नुसते ठिपके दिसतात.

१९ ऑक्टोबर

दसरा, कोजागिरी, भुलाबाईची गाणी, पाहुणे यांत आठ-दहा दिवस धड नोंद नाही. मधे तीनदा धावती भेट: उजवी, उजवी, डावी. दोनदा सलग उजवी का, ते कळायला मी तिथे नव्हते.

आज मात्र दोन्ही बाजू जुन्या. पहिल्यांदाच. पोट फुगून द्राक्षाएवढं झालंय, अंगावरच्या रेघा ताणून फाकल्यात. शिकार अडकली तरी उशिरा गेली. वरचे नर दिसले नाहीत.

२० ऑक्टोबर

दोन्ही जुन्या. खालच्या बाजूला हाताचा पंजा जाईल असं भोक. नवी बाजू: नाही.

२१ ऑक्टोबर

तुंबा रिकामा.

हिच्या जवळच्या पुष्कळ जाती झाडावर धाग्याचा गोळा करून त्यात अंडी ठेवतात. ही जात जमिनीवर उतरते, उथळ खड्डा खणते, त्यात अंडी घालते आणि वर माती-पाचोळा ओढून घेते. वाचलेलं होतं. तरी रिकामं जाळं बघून पोटात गोळा आलाच.

आजच नेमकी बांधावर निंदणी होती. बायका विळे घेऊन जांभळाच्या दिशेने येत होत्या. मी गुडघ्यांवर बसून पालापाचोळा चाचपत पुढे आणि त्या मागे, असा तासभर गेला. जांभळाच्या मुळाशी, बुंध्यापासून दीड वीत लांब, एक जागा ओलसर उकरल्यासारखी, आणि पानाच्या देठाला सोनेरी धाग्याची एक तार. उचलून बघितलं नाही. चार दगड भोवती ठेवले. एक आजी म्हणाल्या, “देव बसवला का पोरी?” मी हो म्हटलं. त्यांनी तेवढी जागा गवतासकट सोडली.

२३ ऑक्टोबर

ती परत आलीय. पोट खपाटीला गेलेलं, सुरकुतलेलं, मागचा एक पाय नाही. कुठे गेला माहीत नाही. तुंब्यात, डोकं खाली.

सकाळी ७.१०. रुंदी ८१ सें.मी. आरे मोजले नाहीत, फवारा मारवेना. चांदीचे कोळी पाच.

नवी बाजू: उजवी. डावी अजून तशीच, भोकासकट.

लाइट पुन्हा रात्रीची आहे. उद्या तीनला बाबांबरोबर जाते.